धारेवरची वाट

पुणे शहराच्या नैऋत्येस सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून एक फाटा पूर्वेकडे निघाला आहे. या फाट्यावर दोन थोर किल्ले शेजारी शेजारी उभे आहेत. पश्चिमेस तोरणा आणि पूर्वेस राजगड. खालून, वेल्हे गावाच्या रस्त्यावरून पाहिले, तर या दोन डोंगरांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वाटत नाही. परंतु थोडे उंचावर जाऊन पाहावे. मग ध्यानात येते की, एका किल्ल्याच्या खांद्यापासून दुसऱ्या किल्ल्याच्या खांद्यापर्यंत डोंगराची एक लांब, अरुंद, वाकडीतिकडी पाठ पसरलेली आहे.

डोंगराच्या अशा पाठीला आपल्याकडे धार म्हणतात. हे नाव ज्याने प्रथम दिले, त्याने ती नक्की पायांखाली घातलेली असावी. विळ्याच्या पात्याला जशी धार, तशीच ही. दोन्ही बाजूंचे उतार वर येऊन जेथे मिळतात, तेथे कोठे गुरे चरण्याजोगी सपाटी असते, तर कोठे जेमतेम एका माणसाला चालता येईल एवढीच जागा उरते. डावीकडे पाहावे तर दरी, उजवीकडे पाहावे तरीही दरी.

सरळ रेषेत मोजले, तर तोरण्यापासून राजगड सहा-सात किलोमीटरांहून अधिक दूर नाही. पक्षी एवढ्याच अंतराने जात असेल. माणसाला मात्र चढउतार आणि वळणे धरून जवळजवळ दुप्पट चालावे लागते, आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर पोहोचण्यास सहा-सात तास सहज लागतात. राजगड पाहण्यास याहून सोप्या वाटा आहेत. गुंजवणे गावातून किंवा पाली दरवाज्याच्या वाटेने दोन-तीन तासांत गडावर जाता येते, आणि बहुतेक लोक तसेच जातात. परंतु तो किल्ला कोणाच्या भीतीने आणि कोणत्या हिशेबाने बांधला, हे धारेवरून, घशाला कोरड पडलेली असताना, चालत आलेल्या माणसाला अधिक चांगले कळते.

समजा, डिसेंबर महिन्यातील एका पहाटे सातवीतील मुलामुलींची एक तुकडी दोन शिक्षकांसह वेल्ह्याहून निघाली आहे. बरोबर गावातील एक वयस्कर वाटाड्या आहे. त्याच्या हातात काठी, डोक्यास मुंडासे आणि पाठीवर एक लहानसे गाठोडे आहे. मुले त्याला ‘आजोबा’ म्हणू लागली आहेत. प्रत्येकाच्या पाठपिशवीत तीन लीटर पाणी, दोन वेळचे खाणे, एक पांघरूण आणि विजेरी आहे. रात्रीचा मुक्काम राजगडावर करावयाचा आहे. पूर्वी वाटसरू गडावर खुशाल पथारी पसरीत असत. आता हा किल्ला संरक्षित आहे, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीवाचून तेथे मुक्काम करू नये. या तुकडीने ती अनुमती आधीच मिळविली आहे.

निघण्यापूर्वी गुरुजींनी सर्वांच्या बाटल्या स्वतः हातात घेऊन पाहिल्या. एका मुलाने वजन कमी व्हावे म्हणून एक बाटली रिकामीच ठेवली होती. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी ती बाटली भरून पुन्हा त्याच्या पिशवीत घातली आणि ते पुढे निघाले.

तोरण्याची चढण खडी आहे. पुणे जिल्ह्यातील किल्ल्यांत हा सर्वांत उंच. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. पहिला तासभर वाट सोंडेवरून जाते. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. तेथे अलीकडे लोखंडी कठडे बसविले आहेत, तरी पाऊल जपूनच टाकावे लागते. बिनी दरवाजा आणि त्यामागून कोठी दरवाजा ओलांडला की माणूस गडावर येतो.

शिवाजीमहाराजांनी स्वराज्याच्या आरंभीच्या काळात हाती घेतलेल्या किल्ल्यांत तोरण्याची गणना होते. त्याचा अवाढव्य विस्तार पाहून महाराजांनी त्याला प्रचंडगड असे नाव दिले. या गडाची डागडुजी चालू असता जमिनीत पुरलेले द्रव्य सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा किल्ला बांधण्यासाठी वापरले, असे सांगतात. तो नवा किल्ला म्हणजेच राजगड. पुढे सुमारे पंचवीस वर्षे तो स्वराज्याची राजधानी होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि बारा आपल्याकडे राहिले. त्या बारांत राजगड आणि तोरणा हे दोन्ही होते.

मेंगाई देवीच्या देवळापाशी तुकडी थोडा वेळ विसावते. येथून पुढे संध्याकाळपर्यंत भरवशाचे पाणी नाही, असे आजोबा बजावतात. मुलांना हे खरे वाटत नाही. चार महिने ज्या डोंगरांवर मुसळधार पाऊस कोसळतो आणि ज्यांच्या अंगावरून असंख्य धबधबे वाहतात, त्यांच्या माथ्यावर पाणी नाही, हे कसे व्हावे?

याचे उत्तर पायांखालच्या खडकात आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. एकावर एक भाकरी रचाव्यात, तसे हे थर आहेत. त्यांतील कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. हा काळा कातळ आपल्या अंगात फारसे पाणी मुरू देत नाही. जे थोडेबहुत मुरते, ते भेगांतून खाली उतरते आणि डोंगराच्या कमरेला किंवा पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. धार ही तर उतारांची माथ्याकडची कड. तिच्यावर पडलेला थेंब क्षणभरही थांबत नाही. तो उत्तरेकडे घरंगळला, तर कानंदी आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यात जातो. दक्षिणेकडे घरंगळला, तर वेळवंडीला मिळतो. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब अशा रीतीने एकमेकांस पाठमोरे होतात आणि कित्येक कोसांचा फेरा घालून शेवटी दोघेही नीरा नदीत जातात. त्यांची पुन्हा भेट होते. धारेवरच्या माणसाला मात्र त्याचा काही उपयोग नसतो.

तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाची वाट सुटते. तेल साठविण्याचा चामडी बुधला पालथा घालावा, तसा एक सुळका या माचीवर आहे. माचीवरून खाली येणारी वाट घसरणीची आहे. पावसाळ्यानंतर येथला मुरूम सुटा होतो आणि वाळलेले गवत त्यावर आडवे पडते. अशा गवतावरून पाऊल तेलावरून सरकावे तसे सरकते. आजोबा येथे सर्वांना बसत बसत, हात टेकीत उतरावयास सांगतात. ज्यांना आपल्या चपळाईचा अभिमान असतो, तेच येथे हमखास घसरतात. आजोबांना हे ठाऊक आहे, म्हणून ते नेमके त्यांच्याच खालच्या बाजूस उभे राहतात.

एकदा धारेवर आल्यावर मात्र चालण्याचा खरा आनंद सुरू होतो. गवत सोनेरी झालेले आहे. वाऱ्याची एक झुळूक आली की संपूर्ण उतारावरून एक लाट सरसरत जाते. कारवीच्या वाळक्या काड्या एकमेकींवर आपटून खडखडतात. ही कारवी मोठी चमत्कारिक वनस्पती आहे. सात-आठ वर्षे ती नुसती पाने घेऊन वाढते, मग एका वर्षी सारा डोंगर निळ्याजांभळ्या फुलांनी झाकून टाकते, आणि बी धरून मरून जाते. तिच्या सरळ काठ्यांनी डोंगरातील माणसे घराचे कूड विणतात आणि वर शेणमातीचा लेप देतात. कड्यांच्या बाजूस पाकोळ्या तिरप्या झेपा घेत असतात. एखादी घार आपल्या पायांच्याही खाली, दरीत, पंख न हलविता तरंगताना दिसते. पक्ष्याची पाठ अशी वरून पाहावयास मिळणे, ही उंचावर चालणाऱ्याची मिळकत आहे.

या आनंदात एक धोका लपलेला असतो. धारेवर वाट चुकणार नाही, असे नवख्यास वाटते, कारण जाण्याचे ठिकाण समोरच दिसत असते. परंतु गुरे रोज चरावयास जातात आणि त्यांच्या खुरांनी अनेक वाटा पडतात. या ढोरवाटा माणसांच्या वाटांपेक्षा पुष्कळदा अधिक रुंद आणि ठळक असतात. त्या हळूच उतारावर वळतात, चालणाऱ्याला बरे वाटते, आणि अर्ध्या तासाने त्या कारवीच्या रानात किंवा एखाद्या घळीत नाहीशा होतात. घळ खाली गावाकडेच जात असणार, असे म्हणून जो तीत उतरत राहतो, तो बहुधा कठीण थराच्या कड्यावर येऊन अडकतो. पुढे उडी मारता येत नाही, मागे चढण्याची ताकद उरलेली नसते, आणि सूर्य मावळत असतो.

तुकडीतील पुढची चार मुले अशाच एका रुंद वाटेने झपाझप खाली निघाली, तेव्हा आजोबांनी मागून हाळी घातली.

“पोरांनो, थांबा! ती म्हशींची वाट हाय. तुमाला राजगडावर जायचंय का गवत खायला?”

मुले हसत हसत माघारी आली. तेथून पुढे आजोबांनी त्यांना वाट ओळखण्याच्या खुणा दाखविल्या. जेथे दोन वाटा फुटतात, तेथे आधी थांबावयाचे. धार न सोडणारी वाट कोणती ते पाहावयाचे. दगडावर दगड रचून कोणी खूण केली आहे का, ते शोधावयाचे. शेण कोठे आहे आणि माणसाच्या पायताणाचा ठसा कोठे आहे, हेही पाहावयाचे. एवढे करूनही खात्री न वाटल्यास शेवटच्या ठाऊक असलेल्या जागेपर्यंत परत यावयाचे. हे परत येणे मुलांना सर्वांत कठीण वाटले. पुष्कळ मोठ्या माणसांनाही ते जमत नाही.

दुपारचा सूर्य डोक्यावर येतो. डिसेंबरची थंडी पहाटेच कोठे तरी राहून गेलेली असते. धारेवर झाडे विरळ, त्यामुळे सावली नाही. वारा घाम वाळवीत राहतो, म्हणून शरीरातील पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. ओठ कोरडे पडतात, बोलणे कमी होते, आणि पाय दगडाला ठेचकाळू लागतात. एका मुलीच्या डोक्यात कळा येऊ लागल्या. सकाळी तिने सर्वांआधी आपली एक बाटली संपविली होती आणि नंतर उरलेले पाणी पुरावे म्हणून ती एकेक थेंब पीत होती. गुरुजींनी तिला एका गेळीच्या झुडपाच्या विरळ सावलीत बसविले, थोडे मीठ-साखर घातलेले पाणी घोटाघोटाने पाजले आणि सर्वांनाच सांगितले की, तहान लागण्यापूर्वी थोडे थोडे पिणे हाच पाणी पुरविण्याचा मार्ग आहे. शरीर कोरडे करून बाटली भरलेली ठेवण्यात लाभ नाही. मग त्यांनी सर्वांचे पाणी मोजले. पाच बाटल्या आणि काही घोट शिल्लक होते. राजगड अजून तीन तास दूर होता.

अशा वेळी दक्षिणेकडे नजर गेली की मन चलबिचल होते. खाली दूरवर भाटघर धरणाचे पाणी चमकत असते. १९२० च्या दशकात वेळवंडी नदीवर बांधलेल्या या धरणाचा फुगवटा डोंगरांच्या पायथ्याशी बोटाबोटांनी शिरलेला आहे. निळे, थंड, अमाप पाणी डोळ्यांना दिसते आणि हाताला मिळत नाही. ते गाठावयाचे, तर निम्मा दिवस खाली उतरावे लागेल.

पुढे धार खचल्यासारखी खाली येते आणि एक खिंड लागते. येथे वेल्ह्याच्या बाजूकडून भुतोंड्याकडे जाणारी डांबरी सडक धार ओलांडते. दोन किल्ल्यांच्या मध्ये, रानात, अचानक ही काळी सडक पाहून गंमत वाटते. जो थकला असेल, ज्याचे पाणी संपले असेल, त्याने येथून वाहन पाहून खाली जावे. त्यात कमीपणा काहीच नाही. मुलीची डोकेदुखी थांबली होती, तरी गुरुजींनी तिला विचारले, “बोल, पुढे यायचे की येथूनच खाली जायचे? मी तुझ्याबरोबर येईन.” तिने क्षणभर राजगडाकडे पाहिले आणि ती उठून उभी राहिली.

तिला, आणि खरे तर सर्वांनाच, पुढच्या चढावर एका झोपडीने हात दिला. या डोंगरांतील माणसे थंडीच्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंसाठी ताक आणि लिंबाचे सरबत घेऊन वाटेवर बसतात. झोपडीतील बाईने मडक्यावरचे फडके काढले आणि पेले भरले. तिला हे पाणी कोठून आणावे लागते, असे एका मुलाने विचारले. तिने दरीकडे बोट दाखविले. रोज सकाळी डोक्यावर हंडा घेऊन ती तेवढे अंतर चढून येत होती. मुलाने पेल्यातील शेवटचा थेंबही सांडू दिला नाही.

आता ऊन पाठीवर आले होते. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालणाऱ्याची सावली दुपारनंतर त्याच्या पुढे पुढे चालते. समोर राजगडाची संजीवनी माची उलगडू लागली. राजगडाला तीन माच्या आहेत. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. या तिघींच्या मध्ये बालेकिल्ला एखाद्या मुकुटासारखा उभा आहे. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब असून तीन टप्प्यांनी खाली उतरत आली आहे. तिचे टोक नेमके ज्या दिशेस वळले आहे, त्याच दिशेने ही तुकडी येत होती.

येथे क्षणभर थांबून शत्रूच्या डोळ्यांनी पाहावे. राजगडाचे कडे बहुतेक बाजूंनी तुटलेले आहेत. परंतु तोरण्याकडून आलेली ही धार गडाला येऊन चिकटते. जी पाठ चालणाऱ्याला वाट देते, तीच हल्ला करणाऱ्यालाही देईल, हे बांधणाऱ्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी ही सोंड मोकळी सोडली नाही. सबंध सोंडेलाच त्यांनी किल्ल्यात घेतले आणि तिच्यावर लांबच लांब तट ओढला. कित्येक ठिकाणी हा तट दुहेरी आहे. बुरुजाला बाहेरून दुसरा बुरूज चिलखतासारखा घातलेला आहे. दोन भिंतींच्या मधून अरुंद, खड्या पायऱ्यांची बोळे खाली जातात. समजा, शत्रूने तोफांनी बाहेरची भिंत पाडली आणि तो आत घुसला, तर तो गडात येत नाही. तो एका उभ्या बोळात येतो, जेथे एका वेळी एकच माणूस चालू शकतो, आणि वरून गडकरी त्याच्यावर मारा करीत असतात.

वाट या तटाच्या पायथ्याने अळू दरवाज्याकडे जाते. एका बाजूस उंच भिंत आणि दुसऱ्या बाजूस दरी. पाठपिशव्या सांभाळीत, भिंतीला हात लावीत मुले चालू लागली, तेव्हा त्यांच्यातील बडबड आपोआप थांबली. वरच्या जंग्यांतून आपल्याकडे कोणी पाहत आहे, असे त्यांना वाटू लागले. थकलेल्या आणि तहानलेल्या माणसांची ओळ, दडण्यास जागा नाही, पळण्यास वाट नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी येथे चाल करून येणाऱ्याची हीच स्थिती झाली असती. संजीवनी माचीचा नकाशा वर्गातल्या फळ्यावर काढून दाखविता येतो. तिचा धाक तेथे काढता येत नाही.

अर्थात कोणताही तट कायमचा अजिंक्य नसतो. १७०४ मध्ये औरंगजेबाच्या प्रचंड सैन्याने आधी राजगड आणि मग तोरणा असे दोन्ही किल्ले घेतले. थोड्याच वर्षांत ते पुन्हा मराठ्यांकडे आले.

अळू दरवाज्यातून आत शिरल्यावर काही वेळातच मुलांना कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसली. ती पाहून एका मुलाने “पाणी!” असे ओरडून म्हटले, आणि त्याच्या आवाजात जो आनंद होता तो तटावरच्या पहारेकऱ्यालाही समजला असता.

ज्या डोंगरावर पावसाचा थेंब ठरत नाही, त्याच डोंगरावर शेकडो माणसे, घोडे आणि राजपरिवार वर्षानुवर्षे राहिले, ते या टाक्यांच्या बळावर. जो कातळ पाणी मुरू देत नाही, तोच खोलगट खोदला, तर पाणी गळूही देत नाही. पावसाळ्यात ही टाकी भरतात आणि काहींत भेगांमधून पाझरही येतो. टाके खोदताना निघालेला दगड तटासाठी कामी येई, म्हणजे एकाच श्रमात गडाला पाणी मिळे आणि भिंतही मिळे. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यांविषयी एक प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे, असे ते सांगतात. जागा महत्त्वाची असून पाणी नसेल, तर खडक फोडून टाकी करावीत. गडावर झरा आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण लढाईच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून राखीव पाणी साठवून ठेवावे आणि ते जतन करावे. शिवछत्रपतींच्या काळापासून राज्यकारभार पाहिलेल्या माणसाचे हे लिखाण आहे. त्याच्या एकेका वाक्यामागे कोणत्या तरी वेढ्यातील तहान असली पाहिजे.

सूर्य मावळला तेव्हा तुकडी पद्मावती माचीवर पोहोचली होती. ही माची इतर दोन माच्यांपेक्षा रुंद आहे. येथे पद्मावती देवीचे देऊळ, तलाव, वाड्यांचे चौथरे आणि सईबाईंची समाधी आहे. संभाजीमहाराजांच्या या मातोश्री १६५९ मध्ये राजगडावरच निवर्तल्या. पुढे १६६६ मध्ये आग्र्याच्या कैदेतून निसटलेले शिवाजीमहाराज याच गडावर सुखरूप परत आले. १६७० मध्ये राजाराममहाराजांचा जन्मही येथेच झाला. समाधीपाशी मुले कोणी न सांगता पायताणे काढून उभी राहिली.

मुक्कामाची कामे गुरुजींनी वाटून दिली. गवत वाळलेले असल्यामुळे उघड्यावर विस्तव पेटविण्यास मनाई होती. एका ठिणगीने लागलेला वणवा रातोरात सारा उतार काळा करतो. लहानशा स्टोव्हवर खिचडी शिजू लागली. दोन मुले पाणी आणावयास गेली. टाक्याच्या काठावर प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि खाऊच्या पिशव्या पडलेल्या होत्या. कोणी तरी तेथेच भांडी घासली असावीत, कारण पाण्याच्या एका कडेला तेलाचा पातळ तवंग चमकत होता. ज्या पाण्यासाठी दिवसभर जीव कासावीस झाला, त्याची ही दशा पाहून मुलांना काय वाटले असेल, ते निराळे सांगावयास नको. त्यांनी कचरा एका पिशवीत भरला, स्वच्छ टाके शोधून काढले आणि पाणी आणून, गाळून, उकळून घेतले. भांडी धुण्यासाठी त्यांनी पाणी बादलीत काढून टाक्यापासून दूर नेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत राजगडही आहे. यादीत नाव गेल्याने टाकी आपोआप स्वच्छ होत नाहीत.

जेवणे होईपर्यंत काळोख दाटला. थंडी पुन्हा उतरली आणि पांघरुणे बाहेर निघाली. उत्तरेकडे सिंहगडावरच्या मनोऱ्याचा दिवा लुकलुकत होता. त्याच्याही पलीकडे पुण्याच्या उजेडाने आभाळाची कड पांढुरकी झाली होती. पश्चिमेकडे तोरणा मात्र संपूर्ण काळा होता. मुले त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसली. सकाळी आपण तेथे होतो, हे आता त्यांचे त्यांनाच खरे वाटेना. आजोबा त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते. त्या वेळी खिंडीत सडक नव्हती आणि लोक बाजाराला जाताना ओझी डोक्यावर घेऊन हे डोंगर ओलांडीत. डोकेदुखीने बेजार झालेली मुलगी सर्वांत आधी झोपली. तिच्या उशाशी तिने एक भरलेली बाटली ठेवली होती.

पहाटे सर्वजण बालेकिल्ल्यावर गेले. चढ खडा आहे, पण अंतर थोडे. सूर्य वर येताच पूर्वेच्या सुवेळा माचीवरील नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले प्रचंड भोक, उजळले. मुलांना तेथे जाऊन बसण्याची फार इच्छा होती, परंतु आजोबांनी नकार दिला. त्या बाजूच्या कड्यांना आग्या मधमाश्यांची मोहोळे असतात. आरडाओरडा, धूर किंवा अत्तराचा वास यांनी त्या चवताळल्या, तर पळण्यास जागा नसते. मुलांनी लांबूनच नेढे पाहिले.

मग त्यांनी मागे वळून धारेकडे पाहिले. उन्हाच्या तिरप्या किरणांत ती सबंध दिसत होती. बुधल्याचा सुळका, घसरणीची जागा, म्हशींची वाट, खिंडीतली सडक आणि एका चढावर ठिपक्याएवढी झोपडी. झोपडीजवळ काही तरी हलत होते. बाई हंडा घेऊन वर येत असावी.

परत जाताना त्यांनी पाली दरवाज्याची वाट धरली. ती रुंद आहे, पायऱ्यांची आहे, आणि तिच्या दरवाज्यातून अंबारीसह हत्ती आत येऊ शकेल एवढी त्याची उंची आहे. राजाच्या भेटीस येणारी माणसे या वाटेने येत. मुले तिच्यावरून उड्या मारीत खाली निघाली, आणि आजोबा त्यांच्यामागून काठी टेकीत, कोणी वाट सोडून भलतीकडे जात नाही ना हे पाहत, सावकाश उतरू लागले.